दुतोंड्या मारुती, क्युसेकचे आकडे आणि मोरीतून येणारं पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत राहता आणि मंडळातर्फे यंदा पुराची तयारी करायची आहे. गल्लीतली जुनी माणसं म्हणतात, रामकुंडाजवळच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघा, बाकी काही लागत नाही. तुमच्या मोबाईलवर धरणाच्या विसर्गाचे आकडे येऊन पडतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. मग विसंबायचं कशावर?

पाटबंधारे खात्यातली माझी बरीच वर्षं पावसाळ्यात पूरनियंत्रणाच्या कामात गेली, त्यामुळे आकडे मी रोज हाताळले. आणि तरीही सांगतो, आजोबांना खुळ्यात काढू नका. मारुतीच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं की पुढं काय होतं, हे पिढ्यान् पिढ्या बघून ठरलेलं माप आहे. आम्ही पुलाच्या खांबावर फूट-इंच रंगवतो आणि पातळी वाचतो, तेच काम मारुती करतो. फरक इतकाच, की मारुती पाणी किती आलंय ते सांगतो. किती येणार आणि कधी येणार, ते त्याला ठाऊक नसतं. ते मोबाईलवरचा आकडा सांगू शकतो, पण तुमच्या गल्लीपुरता त्याचा अर्थ तुम्हीच लावून ठेवलेला असला तरच.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमच्या भागात पूर दोन वाटांनी येतो, आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात.

पहिला गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा पूर. हे पाणी बहुतांशी शहरावर पडलेल्या पावसाचं नसतं. शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीकडं तीन हजारांच्या वर. त्र्यंबकचा डोंगरपट्टाही शहराच्या कितीतरी पट भिजतो. त्र्यंबककडचं ते पाणी कश्यपी, गौतमी-गोदावरी आणि गंगापूर या धरणांत जमतं. म्हणून मेन रोडवर लख्ख ऊन असताना रामकुंड पाण्याखाली गेलेलं दिसतं आणि बाहेरगावचा माणूस चक्रावतो.

दुसरा नाल्याचा पूर. हा खरा तुमच्या कामाचा. सरस्वती नदी म्हणजे आताचा सरस्वती नाला, दहीपुलाकडून सराफ बाजाराखालून गंगेला मिळतो. आता तो बहुतेक झाकलेला आहे, त्यामुळे पायाखालून नदी वाहते हे नव्या भाडेकरूला माहीतही नसतं. शहरात तासाभरात जोराची सर आली की रस्त्यावरचं सगळं पाणी याच वाटेनं उतरतं. वाटेत गाळ नि प्लास्टिक अडकलेलं असेल तर दहीपूल तुंबतो आणि सराफ बाजारात गुडघाभर पाणी होतं. त्या वेळी मारुतीचे पाय कोरडे असतात. मारुतीवर विसंबून बसलेला दुकानदार अशा दिवशी फसतो.

या दोन वाटा एकत्र आल्या तर सगळ्यात वाईट. गंगा चढून नाल्याच्या मुखाच्या वर गेली की नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, मागं सरकतं. आमच्या भाषेत त्याला फुगवटा म्हणतात. पाणी मग घाटाकडून रस्त्यानं चढत येत नाही, तर चेंबरमधून, मोरीतून, तळमजल्याच्या संडासातून वर येतं. समोरच्या दाराला फळ्या लावून, गोण्या रचून माणूस निवांत बसलेला असतो आणि मागं स्वयंपाकघरात घोटाभर पाणी झालेलं असतं. याच्या खुणा जुन्या बायकांना विचारा, पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतात, कारण मोरीशी संबंध त्यांचा. आधी मोरीच्या जाळीतून बुडबुडे येतात, गुडगुड आवाज होतो. टाकलेलं पाणी सावकाश जातं, मग जातच नाही. झुरळं आणि उंदीर वर येतात. चेंबरचं झाकण खडखडायला लागतं. एवढं झालं की पाणी उंबऱ्याशी आलेलं नसलं तरी तळमजला सोडायची वेळ झाली. उपाय साधा आहे. भक्कम प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर दाबून बसवायची आणि वर वजन ठेवायचं. घराचं ड्रेनेज नव्यानं करणार असाल तर प्लंबरला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बसवायला सांगा, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाईल. पण त्याची झडप दरवर्षी मे महिन्यात उघडून साफ करावी लागते. केस आणि चिंधी अडकलेली झडप नसल्यासारखीच.

आता आकडे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक विसर्ग म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला नदीत रिते होताहेत असं समजा. हाच विसर्ग चोवीस तास चालला तर पाऊण टीएमसीच्या वर, साधारण ०.८६ टीएमसी पाणी जातं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). गंगापूर धरणाची एकूण साठवण साडेपाच टीएमसीच्या थोडी वर आहे. म्हणजे वरून धरणात जोराचा येवा (येणारं पाणी) सुरू झाला आणि धरण आधीच भरलेलं असेल, तर ते पाणी पोटात घ्यायला जागाच नसते. आलं तेवढं खाली जाणार. ‘धरणवाल्यांनी पाणी सोडलं म्हणून पूर आला’ हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. धरण भरत असताना, विशेषतः जुलैत, कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं. ते पाळून थोडं थोडं पाणी आधीपासून सोडलं तर पुराचा शेंडा कमी करता येतो. पण ऑगस्टच्या शेवटी धरण काठोकाठ झाल्यावर तो पर्याय फारसा उरत नाही. १९६९ चा मोठा पूर सप्टेंबरातला, २००८ चाही सप्टेंबरातलाच. गणपती बसले की पाऊस संपला असं समजणाऱ्यांनी हे दोन पूर लक्षात ठेवावेत.

बातमीत दोन आकडे येतात आणि लोक फक्त पहिला वाचतात. एक गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग, दुसरा अहिल्यादेवी होळकर पुलाखालून वाहणारं पाणी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त असला तर दचकू नका. धरणाच्या खालीही नदीला पाणी मिळतं: आळंदी नदीचं, गंगापूर गाव ते आनंदवलीपर्यंतच्या ओढ्यानाल्यांचं, शहराच्या पावसाचं. तुमच्या दृष्टीनं होळकर पुलाचाच आकडा महत्त्वाचा, कारण ते पाणी तुमच्या गल्लीच्या जवळच, वरच्या अंगाला येऊन पोचलेलं असतं. पहिल्या आकड्याचा उपयोग वेळ कळण्यासाठी. धरणातून सोडलेलं पाणी रामकुंडापर्यंत यायला दोन-तीन तास लागतात. नदी आधीच भरून वाहत असेल तर पाणी लवकर पोचतं. तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

आता आकडा आणि मारुती यांचं जोडकाम. एक वही करा. जून महिन्यातच, लहान विसर्गांपासून सुरुवात करा, कारण मोठा पूर शिकायची संधी देत नाही. प्रत्येक वेळी चारच गोष्टी लिहा: विसर्ग किती वाजता किती केला, होळकर पुलाखाली किती होतं, घाटाची कोणती पायरी किती वाजता बुडाली, आणि मारुतीला कुठवर पाणी होतं. पायरी मोजताना वरून मोजा, खालून नाही, खालच्या पायऱ्या गाळात असतात. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या गल्लीचा स्वतःचा तक्ता तयार होतो. मग पंधरा हजारांचा मेसेज आला की तुम्हाला सांगता येईल, इतक्या वाजता अमुक पायरीवर. हा तक्ता कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. तिथं पुलाजवळची पातळी असते, तुमच्या बोळाच्या तोंडाची नसते.

एक धोका मात्र आहे. पाणी सरळ हिशेबानं चढत नाही. नदी पात्रात असेपर्यंत भरभर चढते, मग काठावरच्या पटांगणांवर पसरली की चढ मंदावतो आणि लोकांना वाटतं पूर थांबला. थांबलेला नसतो, आडवा पसरत असतो. पटांगण भरून पाणी दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागलं की पुन्हा भराभर वर येतं. आजोबांना हे ठाऊक असतं. ‘पटांगण प्यायला लागलं’ असं मी एका मावशींच्या तोंडून ऐकलं होतं, तेव्हापासून मीही तेच म्हणतो.

दुसरं काम गवंड्याचं. त्याच्याकडं लेव्हल घ्यायची पारदर्शक नळी असते. तिच्यात पाणी भरून घाटावरच्या ठरलेल्या पायरीपासून गल्लीतल्या एकेका उंबऱ्यापर्यंत लेव्हल घ्या. एका सकाळचं काम. त्यातून कळतं, कोणाचा उंबरा सगळ्यात खाली आणि कोणाचा वर. डोळ्याला दिसतं त्यापेक्षा हे वेगळं निघतं, जुन्या गल्ल्यांत दर काही वर्षांनी रस्त्यावर रस्ता चढत गेलाय आणि काही घरं खड्ड्यात गेलीत. पण नळीची लेव्हल नदीच्या काठाकाठानं लांबवर नेऊ नका. पुराच्या पाण्यालाही उतार असतो, होळकर पुलाजवळची पातळी आणि खालच्या अंगाला टाळकुटेश्वराजवळची पातळी एक नसते. तुमच्या समोरच्या घाटावरून तुमच्या गल्लीत, एवढंच.

जुन्या खुणांबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्या वर्षी मारुतीचं माप पक्कं झालं, त्या वर्षीची नदी आता राहिलेली नाही. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरात पात्राच्या तळाला काँक्रीट पडलं, घाट वाढले, पूल नवे झाले, काठाला भिंती आल्या. पात्र आवळलं की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. म्हणून ‘१९६९ ला आमच्या ओट्याला लागलं नव्हतं’ हे वाक्य खरं असूनही आज निरुपयोगी ठरू शकतं. उलट बाजूनंही. काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण त्या घंटेची वाट बघत बसणाऱ्याचं दुकान केव्हाच गेलेलं असतं. घंटा ही इतिहासात नोंद करायची खूण आहे, सामान हलवायची नाही. तुमची खूण कितीतरी खालची हवी: सगळ्यात खालच्या उंबऱ्याच्या दोन हात खाली असलेली पायरी. ती बुडाली की तळमजल्यावरचं सामान पोटमाळ्यावर, वाद नाही.

२००८, २०१६ आणि २०१९ हे तीन पूर गल्लीतल्या बहुतेकांना आठवतात. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र तर अख्ख्या महाराष्ट्राला आठवते, त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला. या तिन्ही वेळी पाणी कुठवर होतं, त्याच्या खुणा भिंतीवर लावून घ्या. ऑइल पेंटची आडवी रेघ, वर तारीख. विचारताना एकाच माणसाला विचारू नका. आठवणीतलं पाणी दरवर्षी थोडं वाढत जातं. तिघांना वेगवेगळं गाठून विचारा, ‘तुमच्या इथल्या स्विचबोर्डपर्यंत आलं होतं का?’, ‘कपाटाचा कोणता खण भिजला होता?’ असं वस्तूवरून विचारा. फुटात विचारलं की प्रत्येक जण पाच फूट सांगतो.

आता माणसं. पुरात जीव जातात ते पाणी कळलं नाही म्हणून क्वचितच. जातात ते अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोणी हलवलं नाही म्हणून, बंद वाड्यात राहणारा एकटा माणूस कोणाच्या लक्षात आला नाही म्हणून, आणि पुलावरून उड्या मारणाऱ्या पोरांमुळे. तुमच्या वहीचं दुसरं पान हे असू द्या: कोणत्या घरात कोण चालू शकत नाही, कोणाकडं लहान बाळ आहे, कुठं ऑक्सिजन किंवा इन्सुलिन लागतं, कोणत्या वाड्याची मागची किल्ली कोणाकडं आहे. ही यादी सरकारकडं नसते आणि असूही नये, ती गल्लीतच असावी. प्रत्येक नावापुढं हलवायला येणाऱ्या दोघांची नावं लिहा. एकाचं लिहिलं तर तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. वर कुठं न्यायचं तेही आधी ठरवा, ते ठिकाण पायी गाठता आलं पाहिजे आणि वाटेत दहीपूल आडवा येता कामा नये.

उड्यांबद्दल एकच सांगतो. गंगेत वर्षभर पोहणारी तरबेज मुलंही पुराच्या पाण्यात नवशिकी असतात. खाली पायऱ्या, लोखंडी कठडे, बुडालेल्या छोट्या देवळांचे कळस असतात, पाणी त्यांच्याभोवती भोवरे करतं. रामकुंडावरचे जीवरक्षक सांगतात तेव्हा ऐका, त्यांना प्रत्येक भोवऱ्याची जागा माहीत असते. आणि व्हिडिओ काढायला गाडगे महाराज पुलावर जमणारी गर्दी तुम्ही मंडळवाल्यांनीच आवरा.

घाटावरच्या टपऱ्या, भाजीवाल्या आणि पूजासाहित्य विकणाऱ्या मावशी यांना तुमच्या मेसेजच्या साखळीत पहिलं नाव द्या. पाणी त्यांना आधी दिसतं आणि त्यांचंच नुकसान आधी होतं. त्या तुम्हाला खबर देतील, तुम्ही चार पोरं टपरी ओढायला पाठवा. हा व्यवहार नीट जमलेली गल्ली मी पाहिली आहे, तिथं भोंगा वाजायच्या आधी घाट रिकामा झालेला असायचा. साखळीत एक नियम ठेवा: ऐकीव आकडा पुढं पाठवायचा नाही. दर मोठ्या पुरात कोणीतरी ‘धरण फुटलं’ असं फिरवतो आणि म्हातारी माणसं पळताना जिन्यात पडतात. आकडा लिहिला तर कुठून आला आणि किती वाजताचा, हे सोबत हवंच.

पाणी ओसरल्यावरची दोन कामं लोक उलट करतात. एक, गाळ. पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्यानं ढवळत, झाडू आणि फावड्यानं गाळ त्याच्याबरोबर बाहेर लोटत राहायचं. काठावरच्या बायका हे पूर्वापार करतात. ‘आधी पाणी जाऊ दे मग बघू’ म्हणून बसलं की तोच गाळ दुसऱ्या दिवशी उन्हात चिकट होतो, तिसऱ्या दिवशी कुदळीनं काढावा लागतो. दुसरं, वाडे. मातीच्या, पांढरीच्या भिंतींचा जुना वाडा पाण्यात उभा राहतो आणि पाणी उतरल्यावर पडतो. भिजलेली भिंत जड झालेली असते, आतली माती विरघळलेली असते, बाहेरून टेकू देणारं पाणीही निघून जातं. म्हणून पूर ओसरला की सामान बघायला आत शिरायची घाई नको. भिंतीचं पोट फुगलंय का, नव्या तिरक्या भेगा आहेत का, दार अडकतंय का, हे बाहेरून बघा. काझीच्या गढीच्या, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या टेकाडाच्या कडेला राहणाऱ्यांनी तर पूर नसतानाही, चार दिवस सलग पाऊस झाला की रात्री तिथं झोपू नये. मीटरचा मुख्य स्विच पाणी येण्याआधी बंद करायचा आणि भिंत कोरडी झाल्यावर वायरमननं तपासूनच लावायचा.

तुम्ही घराच्या खरेदीबद्दलही ओझरतं विचारलंय. नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे सरासरीनं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. लाल रेषेवर दरवर्षी शेकडा एक एवढी शक्यता असते. तीस वर्षांच्या गृहकर्जात ती साधारण चारात एक होते. निळ्या रेषेवर तीस वर्षांत सत्तर टक्के. निळ्या रेषेच्या आत तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आणि विकणारा ‘आमच्याकडं कधी पाणी आलं नाही’ म्हणाला तर शेजारच्या किराणा दुकानात विचारा.

खालच्या गावांचं गणित वेगळं, पण तुमच्या नात्यातलं कोणी चांदोरी-सायखेड्याला असेल तर त्यांना हे पाठवा. तिथं गंगापूरबरोबर इगतपुरीकडून येणाऱ्या दारणा नदीचं पाणी येतं आणि खाली नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा असतो. त्यामुळे नाशिकला पाणी उतरलं म्हणजे तिकडं उतरलं असं होत नाही, बऱ्याचदा तेव्हा तिकडं चढत असतं. शिवाय पाणवेली वाहून सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पूल बांधासारखा पाणी अडवतो. तिथल्या जुन्या लोकांची नजर म्हणून पाण्यापेक्षा पाणवेलींवर असते आणि ती बरोबर आहे. इगतपुरीचा पाऊस त्यांनी बघावा, नाशिकचा नाही.

शेवटचं यंदासाठी. २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट आणि सप्टेंबरात आहेत, म्हणजे ऐन पुराच्या महिन्यांत, आणि त्यासाठी घाटांची कामं चालली आहेत. पायऱ्या नव्या झाल्या, पात्रात भराव पडला किंवा नाल्याचं तोंड सरकलं, तर तुमच्या वहीतली पायरी तीच राहणार नाही. काम संपल्यावर गवंड्याला पुन्हा एक सकाळ बोलवा आणि सरस्वतीच्या मुखाशी टाकलेला राडारोडा उचलला गेलाय का ते स्वतः जाऊन बघा. उचललेला नसेल तर तारखेसह फोटो काढून महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत व्हायला हवं. जूनमध्ये दिलेल्या अर्जावर जेसीबी येईपर्यंत पहिली सर येऊन गेलेली असते.